‘ए स्वोलन फिंगर्स’: मिरजेतल्या एका सिस्टरचं पत्र आणि आर्टिकलचा गुंता

पार्श्वभूमी

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनची ही ओळख. आजही अथणी, चिकोडी, जमखंडीकडून पेशंट गाड्या भरून येतात, त्यामुळे इथल्या सिस्टर लोकांना मराठी तर येतेच, हिंदी चालवून घेतात आणि कन्नड कामापुरती का होईना बोलावीच लागते. इंग्रजीशी संबंध कागदापुरता, तोही तुटक. ‘पेन इन लेफ्ट लेग’, ‘ड्रेसिंग डन’, ‘बीपी चेक्ड’. पूर्ण इंग्रजी वाक्य लिहायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही आणि आली तरी कुणी तपासत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या अशाच एक सिस्टर. ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव देत नाही, नुसतं सिस्टर म्हणते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग एका खाजगी हॉस्पिटलात सगळे वॉर्ड फिरून आता ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात. सोबतच्या मैत्रिणी यूकेला गेल्या तसं यांनीही मनावर घेतलं आणि ओईटीच्या मागे लागल्या. मी सांगलीत विश्रामबागेत इंग्रजीच्या शिकवण्या घेते, बहुतेक शाळेची पोरं असतात, नर्सिंगवाल्या अधूनमधून येतात, तशाच या आल्या.

ज्यांना ओईटी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा गुंता त्या परीक्षेच्या स्वरूपातच आहे. ही डॉक्टर-नर्स लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा. रायटिंगला ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायला. एका काल्पनिक पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, बहुतेक वेळा पेशंटला पुढे कुणाकडे तरी पाठवायचं पत्र. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये सी प्लस म्हणजे ३०० चालतात, बाकी तिन्ही पेपरांत बी म्हणजे ३५० लागतात.

आता गंमत बघा. केस नोट्स असतात तुटक, चार्टसारख्याच. त्यात ‘ए’ नाही, ‘द’ नाही, बऱ्याचदा क्रियापदही नाही. पत्र मात्र पूर्ण वाक्यांत हवं. म्हणजे नोट्समध्ये नसलेलं प्रत्येक आर्टिकल लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातून आणायचं.

अडचण नेमकी काय होती

सिस्टरांनी पहिल्या दिवशी ऑनलाइन कोर्सवरून तपासून आलेली पत्रं आणली होती. त्यावर लाल रंगात ‘आर्टिकल्स’, ‘प्लूरल्स’ एवढंच ठिकठिकाणी लिहिलेलं. काय चुकलं ते कळतंय, का चुकलं ते कुठेच नाही. मी म्हटलं ही राहू देत, माझ्यासमोर एक लिहा. मीच एका आजीबाईंच्या नोट्स बनवून दिल्या: ‘फॉल ॲट होम. एक्स-रे, फ्रॅक्चर लेफ्ट रिस्ट. फिंगर्स स्वोलन. इन्फेक्टेड वूंड लेफ्ट लेग. पेनकिलर्स. ॲडव्हाइस टू डॉटर.’

त्यावर त्यांनी लिहिलं ते असं:

‘मिसेस क्ष इज ए ७४-इअर्स-ओल्ड विडो हू हॅड फॉल ॲट होम. ए एक्स-रे शोड फ्रॅक्चर ऑफ लेफ्ट रिस्ट. शी हॅज ए स्वोलन फिंगर्स ॲन्ड ॲन इन्फेक्टेड वूंड्स ऑन लेग. ए पेनकिलर्स वॉज गिव्हन. ॲन ॲडव्हाइस वॉज गिव्हन टू डॉटर.’

वरवर बघितलं तर आर्टिकल येत नाहीत असं वाटतं. पण नीट बघा, यात चार वेगवेगळ्या चुका एकत्र झाल्यात. एक, अनेकवचनाला ‘ए’ लावलाय: ए स्वोलन फिंगर्स, ॲन इन्फेक्टेड वूंड्स, ए पेनकिलर्स. दुसरी याच्या बरोबर उलटी, जिथे एकच वस्तू आहे आणि ‘ए’ हवाच तिथे काहीच नाही: हॅड फॉल, शोड फ्रॅक्चर. तिसरी, जे मोजताच येत नाही त्याला ‘ॲन’: ॲन ॲडव्हाइस. आणि चौथी ‘ए एक्स-रे’, ती खरंतर सगळ्यात किरकोळ, पण शाळेपासून शिकवतात तेवढी तीच.

मी विचारलं, “सिस्टर, फिंगर्सच्या आधी ए का लावला?”

“स्वोलन एसने सुरू होतंय की मॅडम. ए-ई-आय-ओ-यू नाही, म्हणून ए.”

“आणि वूंड्सला ॲन?”

“इन्फेक्टेड. आय आलाय ना.”

“पण जखमा किती आहेत?”

यावर त्या थांबल्या, नोट्सचा कागद परत बघितला. “एकच दिसतीय.”

इथे मला गाठ सापडली. त्या आर्टिकल ठरवताना फक्त शेजारच्या शब्दाचं पहिलं अक्षर बघत होत्या. नाम किती, एक की अनेक, मोजता येतं की नाही, हा प्रश्न डोक्यात येतच नव्हता. शाळेत ‘ॲन ॲपल, ए मँगो’ हेच शिकवलेलं, तिथे आर्टिकलच्या शेजारीच नाम बसलेलं असतं त्यामुळे कधी अडलं नाही. पण मध्ये एखादं विशेषण आलं की सगळं कोसळतं. ‘ॲन इन्फेक्टेड वूंड’ मध्ये आर्टिकल लागणार की नाही हे ठरवतो वूंड, जो टोकाला बसलाय. ‘ए’ की ‘ॲन’ हे ठरवतो इन्फेक्टेडचा उच्चार, जो जवळ बसलाय. दोन वेगळी कामं, दोन वेगळे शब्द करतात, आणि आपण पोरांना दोन्ही एकाच नियमात कोंबून देतो.

ज्यांनी चुकायला लावलं त्यात आपली मराठीही आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. आपल्याकडे आर्टिकल नाहीच. शिवाय कितीतरी पुल्लिंगी शब्द अनेकवचनात बदलतच नाहीत. ‘पेशंट आला’, ‘पेशंट आले’. ‘दात पडला’, ‘दात पडले’. एक की अनेक ते क्रियापद सांगतं, नाम ढिम्म. म्हणून मग ‘टू पेशंट केम’ लिहिताना काही चुकलंय असं कानाला वाटतच नाही. कन्नडमध्येही ए-द नाहीत, आणि दोन-तीन म्हटलं की बऱ्याचदा पुढचा शब्द तसाच ठेवून चालतं, म्हणजे वॉर्डात दिवसभर कानावर पडतं त्याचीही मदत शून्य.

त्यात आदरार्थी बहुवचन. ‘आजोबा झोपलेत’, ‘मोठे डॉक्टर आलेत’. एकच माणूस आणि क्रियापद अनेकवचनी. सिस्टरांच्या जुन्या पत्रांत ‘हर फादर आर डायबेटिक’ असं एक वाक्य मिळालं, ते चुकीचं का आहे यापेक्षा ते त्यांना किती नैसर्गिक वाटत असणार याचंच मला हसू आलं.

आणि तिसरी गोष्ट उधारीच्या शब्दांची. आपण इंग्रजी शब्द घेताना कितीतरी अनेकवचनातच उचललेत. वॉर्डात कुणीही म्हणतं, “एक ग्लोव्हज फाटला, दुसरा दे.” आपल्यासाठी ग्लोव्हज एकवचनी शब्द आहे. शूज, चिप्स, सगळं तसंच. मग ‘ए ग्लोव्हज’ लिहिलं गेलं तर नवल काय.

कुठले पर्याय होते

सिस्टरांना आधी नियमांची वही हवी होती. सगळे नियम लिहून द्या मॅडम, पाठ करते. पाठ करायला त्या पक्क्या आहेत, औषधांची नावं, डोस, सगळं तोंडपाठ. पण ए-ई-आय-ओ-यू पण तोंडपाठच होतं आणि त्यानेच घात केला होता. आर्टिकलचे नियम पुस्तकात पानंच्या पानं असतात, नद्यांना द, डोंगररांगांना द, वाद्यांना द. हाताच्या फ्रॅक्चरच्या पत्रात नद्या कुठून येणार? हा पर्याय मी बाजूला ठेवला.

दुसरा मोबाइलमधल्या ॲपचा. पत्र टाइप करायचं, ॲप दुरुस्त करून देतं, ते बघून शिकायचं. वाईट नाही, पण एक अडचण आहे जी फार कुणी बोलत नाही. ‘ए पेनकिलर्स’ लिहिलं की ॲप सांगतं इथे चूक आहे, पण बरोबर काय, ‘ए पेनकिलर’ की नुसतं ‘पेनकिलर्स’, हे त्याला कसं कळणार? पेशंटला गोळ्या किती दिल्या हे त्याला माहीतच नसतं. ते आपलं काहीतरी एक सुचवतं आणि आपण बटण दाबतो. ऑफिसच्या मेलमध्ये चाललं असतं, पेशंटच्या पत्रात एक गोळी की अनेक हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. आणि परीक्षेत ॲप मिळणार नाही ते वेगळंच.

तिसरा पर्याय पळवाटेचा आणि तो मला मनापासून आवडतो, लोक नाक मुरडतात तरी. आर्टिकलच्या जागेवर दुसरा शब्द बसवला की आर्टिकलचा प्रश्नच मिटतो, कारण त्या जागेवर एकच माणूस बसू शकतो. ‘हर लेफ्ट रिस्ट’, ‘हर फिंगर्स’, ‘हर ब्लड प्रेशर’, ‘टू टॅब्लेट्स’. ‘हर’ एकवचनाला चालतो, अनेकवचनाला चालतो, मोजता न येणाऱ्याला पण चालतो. पेशंटच्या पत्रात शरीराचे अवयव, नातेवाईक, तपासण्यांचे रिझल्ट हे सगळं पेशंटचंच असतं, त्यामुळे हे खूप ठिकाणी बसतं. पण सगळं पत्र यावर निघत नाही. ‘शी हॅड हर फॉल’ म्हणता येत नाही.

चौथा म्हणजे उलटीकडून सुरुवात. आर्टिकलचं नावच काढायचं नाही काही दिवस. आधी फक्त नाम बघायचं आणि ठरवायचं: एक, अनेक, की मोजता न येणारं. हे पक्कं झालं की मग आर्टिकल. वेळ जास्त जाणार होता, सिस्टरांनी परीक्षेची तारीख जवळपास ठरवलेली होती, आणि पहिले काही दिवस पत्रच लिहायचं नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं मॅडम टाइमपास करायल्यात. तरी आम्ही चौथा धरला, आणि तिसरा त्याच्या जोडीला.

काय केलं

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागली. सरावासाठी वॉर्डातल्या खऱ्या पेपरचे फोटो काढून आणू का, असं सिस्टरांनी विचारलं. मी सरळ नाही म्हटलं. पेशंटचे कागद शिकवणीत आणायचे नाहीत, नाव झाकून पण नाही. पेशंट काल्पनिक, शब्द मात्र खरे वॉर्डातले, असं ठरलं. त्यांनी ड्युटीवरून येताना दिवसभरात तोंडात आलेली इंग्रजी नामं एका वहीत उतरवायची, नुसते शब्द.

ती वही मस्त तयार झाली. क्रॅचेस, स्लॅब, कॅथेटर, बेडसोर, स्वेलिंग, डिस्चार्ज, फीव्हर, इक्विपमेंट, सिझर्स. मग आम्ही एकेक शब्द घेऊन वाटे पाडायला बसलो.

वाटे पाडायला एक मराठी चाचणी वापरली. मराठीत नाम बदलत नाही म्हणतो ते कर्त्यापुरतं, पण ‘ला’ लावायला गेलात की एक की अनेक ते उघडं पडतं. पायाला सूज, पायांना सूज. बोटाला लागलं, बोटांना लागलं. दाताला कीड, दातांना कीड. सिस्टरांनी वॉर्डात हे हजार वेळा बोललेलं, कधी चुकत नाहीत. मग मी म्हटलं, आजीबाईंची बोटं सुजली, मराठीत काय म्हणाल?

“बोटांना सूज आलीया.”

“मग बोटांना म्हटलं की ए येऊ शकतो का?”

“नाही. ए म्हणजे एकच ना.” मग स्वतःच, “म्हणजे नुसतं स्वोलन फिंगर्स?”

हो, नुसतं स्वोलन फिंगर्स. आर्टिकल नसणं हेही बरोबर उत्तर असू शकतं हे पटायला मात्र वेळ लागला. रिकामी जागा दिसली की काहीतरी भरायचं ही सवय आपल्याला परीक्षांनीच लावलीय, प्रश्नपत्रिकेत तसल्या जागा भरायला येतात ना. ‘ए किंवा ॲन लिहा’ म्हटल्यावर तिसरा पर्याय आहे हे पोरांना कसं कळावं?

ही ‘ला-ना’ चाचणी अजून एका कामाला आली. ज्याला ‘ना’ लावून विचित्र वाटतं ते बहुतेक मोजता येत नाही. रक्ताला ठीक, रक्तांना कसंतरीच. माहितीला ठीक, माहित्यांना कोण म्हणतं? म्हणून ब्लड आणि इन्फर्मेशन, दोन्ही ‘ए’शिवाय, ‘एस’शिवाय.

पण ही चाचणी तीन ठिकाणी दगा देते. पहिलं, माणसं. ‘आजोबांना’ म्हणजे अनेक आजोबा नव्हेत, तो मान आहे. म्हणून ठरवलं की माणूस असला की मराठी ऐकायची नाही, डोकी मोजायची. दुसरं, काही शब्द मराठीत मोजता येतात आणि इंग्रजीत येत नाहीत. सल्ल्यांना, उपकरणांना, हे मराठीत बिनधास्त चालतं, पण ॲडव्हाइस आणि इक्विपमेंट इंग्रजीत मोजता येत नाहीत. ‘ॲन ॲडव्हाइस’ पण चूक आणि ‘ॲडव्हायसेस’ पण चूक, हवं तर ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘ए पीस ऑफ इक्विपमेंट’. खरंतर आजीबाईंच्या पत्रात क्रियापदच वापरलं की सुटतं: ‘हर डॉटर वॉज ॲडव्हाइज्ड टू...’ नामाची भानगडच नको. ओईटीच्या पत्रात हे वाक्य शोभून पण दिसतं.

तिसरं, आजार. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. मराठीत ताप, खोकला, डोकेदुखी कुणी मोजत नाही. इंग्रजीत मात्र ‘ए फीव्हर’, ‘ए कफ’, ‘ए कोल्ड’, ‘ए हेडेक’. आणि त्याच इंग्रजीत न्यूमोनिया, अस्थमा, हायपरटेन्शन, डायबिटीस, व्हॉमिटिंग, ब्लीडिंग यांना काहीच नाही. डायबिटीसच्या शेवटी एस आहे म्हणून तो अनेकवचनी वाटतो, पण ‘डायबिटीस इज’. टूथेक, स्टमकेक ब्रिटिश लोक ए लावून पण म्हणतात आणि न लावता पण. यामागे काही एकसारखं तर्कशास्त्र शोधू नये, हाताला लागत नाही. ढोबळ मानाने एवढंच की एकदा घडलेली, बोट दाखवता येणारी गोष्ट, फ्रॅक्चर, रॅश, अल्सर, स्ट्रोक, हार्ट अटॅक, यांना ‘ए’ लागतो, आणि शरीरात पसरून बसलेल्या आजाराच्या नावाला लागत नाही. आणि एक शब्दसमूह पाठच करून टाकला: ‘ए हिस्टरी ऑफ हायपरटेन्शन’. ए हिस्टरीचा, हायपरटेन्शनचा नाही. पत्रात हा दर दुसऱ्या वेळी येतोच.

पेन आणि डिस्चार्जसारखे शब्द वहीत एका वेगळ्या पानावर गेले. ‘शी इज इन पेन’ मध्ये काही नाही, ‘ए शार्प पेन इन हर चेस्ट’ मध्ये ए आहे. जखमेतून येणारा डिस्चार्ज मोजत नाहीत. सिझर्स आणि फोर्सेप्स एकच हत्यार असलं तरी अनेकवचनी, म्हणून ‘ए पेअर ऑफ सिझर्स’. क्रॅचेस जोडीने दिल्या तर ‘ए पेअर ऑफ क्रॅचेस’, एकच दिली तर ‘ए क्रच’.

हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, ए की ॲन. आणि ते अक्षरावर न ठेवता कानावर ठेवलं. एक्स-रे, ईसीजी, एमआरआय, एचआयव्ही टेस्ट, सगळ्यांना ॲन, कारण मोठ्याने म्हटलं की सुरुवात ‘ए’ नाहीतर ‘ई’ अशा स्वराने होते, लिहिताना अक्षर एक्स असो नाहीतर एम. उलट युरीन सॅम्पल, युनिट ऑफ ब्लड, यूटीआय यांना ए, कारण कानाला ‘यु’ ऐकू येतं. अल्सरला मात्र ॲन. वयाचंही तसंच, ‘ए ७४-इअर-ओल्ड’ पण ‘ॲन ८२-इअर-ओल्ड’, कारण एटीचा स्वर. आणि इअरला एस नाही, कारण तिथे तो विशेषणाचं काम करतोय, मागचा विडो एकच आहे. हा ‘इअर्स-ओल्ड’वाला एस जायला इतका वेळ लागला की मी शेवटी पत्राचं पहिलं वाक्य साचा करूनच दिलं.

मध्येच एक वेगळंच घडलं. सिस्टर उत्साहाच्या भरात ड्युटीवर चार्टमध्ये पूर्ण वाक्यं लिहायला लागल्या, ‘द पेशंट कम्प्लेन्ड ऑफ ए हेडेक’ वगैरे. इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, “निबंध लिहितेस काय गं, हँडओव्हरला वाचायचं कधी आम्ही?” बरोबरच होतं त्यांचं. चार्टची तुटक भाषा ही चूक नाही, ती घाईसाठी बनलेली वेगळी भाषा आहे. तिथे तसंच लिहा, इथे असं लिहा, दोन्ही हात वेगळे ठेवा, असं आम्ही ठरवलं. फक्त एक जोड दिली: चार्टवर ‘वूंड लेफ्ट लेग’ असं लिहिताना मनात म्हणायचं, एक जखम, डावा पाय. कागदावर काही बदलायचं नाही.

परीक्षेच्या दृष्टीने शेवटची सवय लावली ती तपासायची. पत्र वरून खाली वाचलं की आपण अर्थात वाहत जातो आणि चुका दिसत नाहीत. म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत पत्र शेवटच्या ओळीपासून वर वाचायचं, नामावर बोट ठेवायचं आणि मग त्याच्या डावीकडे बघायचं. एक असेल तर डावीकडे काहीतरी पाहिजेच, ए, द, हर, काहीही, पण रिकामं नको. अनेक असेल किंवा मोजता येत नसेल तर तिथे ए-ॲन दिसला की खोडायचा. ‘वन ऑफ’च्या पुढे एस बघायचा, ‘एव्हरी’च्या पुढे एस दिसला की काढायचा. बास.

निकाल

त्याच आजीबाईंचं पत्र परत लिहिलं तेव्हा असं आलं: ‘मिसेस क्ष इज ए ७४-इअर-ओल्ड विडो हू हॅड ए फॉल ॲट होम. ॲन एक्स-रे शोड ए फ्रॅक्चर ऑफ हर लेफ्ट रिस्ट. हर फिंगर्स आर स्वोलन ॲन्ड शी हॅज ॲन इन्फेक्टेड वूंड ऑन हर लेफ्ट लेग. पेनकिलर्स वेअर गिव्हन.’ शेवटच्या वाक्यातला ‘वेअर’ मी शिकवलाच नव्हता, नाम अनेकवचनी आहे हे आधी ठरलं की क्रियापद आपोआप जुळून आलं. आधी त्या ‘वॉज’ लिहायच्या.

अनेकवचनाला ‘ए’ लावणं जवळजवळ थांबलं. एकट्या नामाला उघडं सोडणं कमी झालं, पण घाईत परत यायचं, विशेषतः नाइट करून आलेल्या दिवशी. आणि एक नवीन चूक जन्माला आली: मोजता न येणाऱ्यांची धास्ती बसल्यामुळे फीव्हर, कफ यांचाही ए उडवायला लागल्या. ‘द’ बऱ्यापैकी अंदाजानेच राहिला. ‘ॲडमिटेड टू हॉस्पिटल’ की ‘टू द हॉस्पिटल’ यावर त्या फार अडायच्या, ब्रिटिश लोक पेशंट म्हणून दाखल झालेल्याला ‘द’ लावत नाहीत, अमेरिकन लावतात, एक धरा आणि पुढे चला म्हणून सांगितलं.

परीक्षेत रायटिंगला सी प्लस आला, बाकी तिन्हीत बी. म्हणजे काम झालं, पण काठावर. सिस्टरांना वाटत होतं बी येईल. ओईटीचं रायटिंग सहा निकषांवर तपासतात आणि भाषा त्यातला एकच निकष, बाकी पत्राचा हेतू, मजकुराची निवड, नेमकेपणा, मांडणी, शैली हे सगळं असतं, त्यामुळे आर्टिकल सुधारले म्हणून ग्रेड आला असं म्हणणं धाडसाचं होईल.

पुढच्या वेळी काय बदलेन

अशा दुसऱ्या सिस्टर आल्या तर क्रम बदलेन. ‘ला-ना’ चाचणी आधी आणि अपवाद नंतर असं केल्यामुळे चाचणी डोक्यात घट्ट बसली आणि अपवाद तिच्याशी भांडत राहिले. त्यामुळे ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट, ट्रीटमेंट अशी पाच-सात नामं पहिल्याच दिवशी ‘यांना मराठी विचारायचं नाही’ म्हणून बाजूला काढेन आणि मग चाचणी देईन.

आजारांची नावं सुटी शिकवणारच नाही. ‘फीव्हर’ असा शब्द वहीत लिहायचाच नाही, ‘ए फीव्हर’ असाच लिहायचा, जसं औषधाचं नाव डोससकट लक्षात ठेवतो. न्यूमोनिया मात्र एकटा. वहीत जसं पडेल तसंच परीक्षेत हाताला येतं, सिस्टरांच्या बाबतीत ‘ए हिस्टरी ऑफ’ एकदाही चुकला नाही तो याचमुळे.

पहिली ५ मिनिटं नुसती वाचायची असतात तिथे अजून बरंच करता येईल. पेन चालवता येत नाही, पण डोळ्यांनी प्रत्येक नामाशी थांबून एक-अनेक-मोजता न येणारं ठरवता येतं. आम्ही ती मिनिटं महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं करण्यात घालवली, जे लागतंच, पण नोट्समधल्या ‘वूंड’चं ‘वूंड्स’ होणं तिथेच थांबवता आलं असतं.

आणि बोलणं. आमची सगळी मेहनत कागदावर झाली. स्पीकिंगला बी मिळाला तरी बोलताना सिस्टर अजून ‘टेक टू टॅब्लेट’ म्हणतात, एस पोटातच राहतो. लिहिताना उलटं वाचून तपासता येतं, बोलताना मागे जाता येत नाही. आता यूकेच्या नर्सिंग कौन्सिलची सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा झालीय, ओएससीईची म्हणजे काम प्रत्यक्ष करून दाखवायच्या परीक्षेची तयारी चालू आहे आणि तिथे समोर माणूस असणार, म्हणून सध्या आठवड्यातून एकदा फोनवर मी पेशंट होते आणि त्या मला औषधं समजावून सांगतात. टॅब्लेट्सचा एस ऐकू आला नाही की मी एकच गोळी घेते आणि दुसरी कुठाय म्हणून विचारते.